मेलेल्याची पेटी आणि जिवंतांची लूट



घरातले माणूस मेले म्हणजे मागे दोन गोष्टी उरतात : रडणारी माणसे आणि कुलूप लावलेली पेटी. रडणाऱ्यांचे सांत्वन करायला सारा गाव येतो. पेटीकडे मात्र थोडेच लोक बघतात, आणि जे बघतात ते फार बारकाईने बघतात. त्या बघणाऱ्यांविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. शब्द कडू लागतील. कडुनिंबाचा पाला धान्यात घातल्यावाचून कीड जात नाही, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना सांगावे लागत नाही.

पेटी म्हणजे नुसती लोखंडी ट्रंक नव्हे. कुणब्याच्या घरी विळा, खुरपे, पाभर, जू, कासरा ही पेटीच आहे. सुताराच्या घरी वाकस, रंधा, पटाशी, करवत, गिरमिट ही पेटी. लोहाराच्या घरी ऐरण, घण आणि सांडशी. चांभाराच्या घरी रापी आणि आरी. कोष्ट्याच्या घरी माग आणि धोटा. कुंभाराच्या घरी चाक. म्हातारी गेली तर तिची पेटी म्हणजे उतरंडीतली ती गाडगी, ज्यांत राखेत घोळलेले वालाचे, भोपळ्याचे, मिरचीचे बी तिने वर्षानुवर्षे जपले; तिचे जाते, तिच्या हातची गोधडी, लुगड्याच्या घडीत ठेवलेली डोरली आणि फुले. आणि सगळ्यांच्या तळाशी कागद : सातबाराचा उतारा, सोसायटीची पावती, बँकेचे पुस्तक, विम्याचा कागद, कोणाकडून घेतलेले आणि कोणाला दिलेले पैसे लिहिलेली चोपडी.

एका माणसाच्या जन्माची कमाई ती एवढीच. ती कोणाच्या हाती जावी, याचा निकाल पुष्कळ घरांत दहाव्यापासून तेराव्यापर्यंतच्या चार दिवसांत लागून जातो. त्या दिवसांत घरच्यांचे डोळे पाण्याने भरलेले असतात, आणि डोळ्यांत पाणी असताना माणसाला अक्षर दिसत नाही. हे ज्यांना पक्के ठाऊक आहे असे तिघेजण त्या वेळी हजर असतात. पहिला भट. दुसरा सावकार. हे दोघे ओटीवर बसतात. तिसरा माजघरातच बसलेला असतो. त्याची ओळख पुढे करून देऊ.

आधी भटजीबुवा. अकराव्याला त्यांची याद निघते. खाट, गादी, उशी, पांघरूण, तांब्या, भांडे, समई, छत्री, जोडा, धोतरजोडी. याला म्हणतात शय्यादान. त्यावर दशदाने : गाय, भुई, तीळ, सोने, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, रुपे आणि मीठ. याद वाचताना भटजीबुवांची जीभ अडखळत नाही, घरच्या पोराने "हे कशाला?" असे विचारले की मात्र अडखळते. मग उत्तर येते की यमपुरीची वाट फार लांब आहे. तेथे ऊन फार म्हणून छत्री, काटे फार म्हणून जोडा, तहान लागते म्हणून तांब्या, आणि वाटेत वैतरणी नदी आहे म्हणून गाय. तिचे शेपूट धरून पलीकडे जायचे.

आता सरळ हिशेब करा. हा बाप साठ वर्षे अनवाणी नांगरामागे चालला. बाभळीचा काटा त्याच्या टाचेत मोडला, टाच पिकली, तरी तो वखरावर उभा राहिला. तेव्हा त्याच्या पायात जोडा नाही म्हणून कोणा भटजीबुवाला हळहळ वाटली नाही. मेल्यावर, पाय जळून राख झाल्यावर, त्या पायाला काटा बोचेल म्हणून ते कळवळतात! बरे, तो जोडा घालतो कोण? भटजीबुवा. छत्री धरतो कोण? भटजीबुवा. मग यमपुरीच्या वाटेने चालला आहे तो आमचा बाप की भटजीबुवा? आणि ज्या चांभाराने तो जोडा शिवला त्याचा हात विटाळाचा, जोडा मात्र दानाला पवित्र! गाय नसेल तर तीही अडचण नाही. गाईच्या नावाने शंभर-एक रुपये ताटात ठेवले की झाले. आमच्या गोठ्यातली गाय कडबा मागते तेव्हा दूध देते. ही ताटातली गाय काही न खाता नदी उतरवते. असे जनावर कोणत्या बाजारात मिळते ते एकदा आम्हांलाही कळू द्या.

आणि तरी लोक देतात. का देतात? भीतीने देतात. घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवला नाही, की सगळ्यांचे प्राण कंठाशी येतात. झाडे तोडून कावळ्यांची घरटी आम्हीच मोडली. शेपन्नास माणसांचा घोळका पाहून तो पाखरू जवळ येत नाही, ही साधी गोष्ट. पण तेथे म्हणायचे काय, तर "म्हाताऱ्याची काही इच्छा राहिली." मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. थोरला म्हणतो, "आबा, आईला अंतर देणार नाही." धाकटा म्हणतो, "आबा, अक्काचे मी बघीन, तिला उघडे पडू देणार नाही." कावळा शिवतो. सारे सुटकेचा श्वास टाकतात.

हे शब्द नीट ध्यानात ठेवा. कावळ्यापुढे दिलेले हे वचन पुढे तलाठ्यापुढे काय होते, ते आपण पाहणारच आहोत.

या भटशाहीवर आपल्या लोकांनी घाव घातला त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला तो याचसाठी, की निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. त्याच वर्षी डिसेंबरात पहिले लग्न भटावाचून लागले. पण नुसते भटाला न बोलावून भागत नसे. मुंबई इलाख्यात गावजोशाला वतनाचा हक्क होता. त्याला बोलावले नाही तरी तो आपली दक्षिणा कोर्टात जाऊन मागे. न केलेल्या कामाची मजुरी मागणारा असा दुसरा कामगार जगात नसेल! रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात झगडून १९२६ साली ही जबरदस्ती कायद्याने बंद करविली. म्हणजे आज कोणत्याही घराला भट बोलावण्याची सक्ती नाही, शय्यादान देण्याची नाही, काही देण्याची नाही. सक्ती उरली आहे ती फक्त आपल्या मनातल्या भीतीची.

येथे एक खुलासा. आमचे भांडण कोणाच्या जन्माशी नाही. ज्या जोतीरावांनी भटशाहीवर आसूड ओढला, त्यांनीच एका ब्राह्मण विधवेचे मूल पोटाशी धरले आणि त्याला आपला मुलगा म्हणून वाढविले. आमचे भांडण धंद्याशी आहे. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा कोणत्याही जातीचा असो, तो आम्हांला भटच. हे वाक्य विसरू नका. याच वाक्याने पुढे आपल्याच घरात पंचाईत होणार आहे.

दुसरा गडी सावकार. तो तेराव्याच्या जेवणाला न बोलावता येतो. दोन पंगती उठेपर्यंत गप्प बसतो, आणि मग थोरल्याला बाजूला घेऊन म्हणतो, "आबांकडे माझे इतके येणे होते. आबा देवमाणूस. त्यांच्या आत्म्यावर ओझे नको. एवढ्या कागदावर सही कर म्हणजे झाले." पोराने कागद वाचलेला नसतो. जुना कागद मागायचे त्याला सुचत नाही. बापाच्या आत्म्यावरचे ओझे उतरावे म्हणून तो आपल्या मानेवर नवे घेतो. भटाने आत्म्याची भीती पेरलेली असते. पीक सावकार कापून नेतो. शेटजी आणि भटजी ही जोडी आपल्या वाडवडिलांनी उगाच एका दमात उच्चारली नाही.

१८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला आणि नंतर पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी आपले शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी काय मागितले? सावकाराचे सोने नव्हे. त्यांनी मागितले कागद : कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे. मिळाले ते चव्हाट्यावर जाळले. लिहिता न येणाऱ्या त्या माणसांना एवढे पुरते कळले होते की आपली मान कागदात अडकली आहे. त्या दंग्यानंतर सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्यांचीच पणतवंडे आज लिहायला वाचायला शिकली, आणि तेराव्याच्या मांडवात न वाचता सही करतात, याला काय म्हणावे?

तेव्हा नीट ऐका. बाप मेला म्हणून बापाचे कर्ज मुलाच्या हाडामांसाला चिकटत नाही. घेणेकऱ्याला वसूल करता येते ते मेलेल्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतेच. मुलगा स्वतः जामीन राहिला असेल किंवा त्याने कर्जावर स्वतः सही केली असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वी "पितृऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य" असे म्हणून मुलगा आणि नातू यांना कोर्टात ओढता येत असे. ९ सप्टेंबर २००५ पासून वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच्या कर्जाला निव्वळ धर्मकर्तव्याची ही सबब लागू राहिली नाही. धर्माच्या नावाने बसवलेला हा दंड कायद्याने उठवला. पण तेराव्याच्या मांडवात हे कोणी सांगत नाही. सावकार परवानेवाला आहे काय, हेही विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे, आणि सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. ज्याचे खरे देणे असेल त्याचे जरूर द्या. बापाने घेतले ते बुडवा असे आम्ही सांगत नाही. परंतु आधी कागद, मग चोपडीशी ताळा, मग पैसा. आणि नवी सही मुळीच नाही.

आता तिसरा. माजघरात बसला आहे तो. त्याने भट बोलावलेला नाही. शय्यादान दिले नाही. घरात जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत. तेराव्याला भजनाऐवजी व्याख्यान ठेवले होते, आणि व्याख्यानात स्त्रियांच्या हक्कांवर टाळ्याही पडल्या. पाहुणे गेले. मग त्याने बहिणीला हाक मारली, "अक्का, जरा इकडे ये. तलाठ्याकडे द्यायचा कागद आहे. तुझी सही हवी."

हा तिसरा गडी म्हणजे भाऊ. आपला भाऊ. आपण स्वतः.

घाटावर "अक्काचे मी बघीन" म्हणणारा तो हाच. पिंडाला कावळा शिवेपर्यंत त्याला बहीण आठवली. सातबाराला वारस लावताना तो तिला विसरला. बहिणीच्या हाती एक साडी आणि चोळी, आईच्या हातची एक गोधडी, डोळ्यांत पाणी. आणि भावाच्या हाती जमीन, घर, बैल, विहीर, डागिने. त्या कागदाला नाव काय तर हक्कसोडपत्र. भट निदान छत्री आणि जोडा नेत होता. हा तर रानच्या रान नेतो, आणि वर म्हणतो की आमच्या घरात भटशाही नाही! भट घरातून गेला, त्याचे सोवळे मात्र हा नेसून बसला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले तेव्हाची गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात, ती या ठिकाणी प्रत्येकाने आठवावी. जोतीरावांनी १८८७ सालीच मृत्युपत्र करून यशवंताला वारस ठरविले होते. पण प्रेतापुढे टिटवे धरायची वेळ आली तेव्हा भाऊबंद आडवे आले. यशवंत दत्तक, तेव्हा टिटवे त्याने धरायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. कारण टिटवे धरील तो वारस, अशी रूढी. म्हणजे प्रेत अजून दारात आणि लक्ष पेटीवर! त्या वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले, त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याच्या चितेला त्यांनीच अग्नी दिला. बाईने स्मशानात जाऊ नये म्हणणाऱ्या मुलखात ही गोष्ट घडली. ज्या घरात सावित्रीबाईंची तसबीर टांगली आहे त्या घरातली बाई जर वाटणीच्या वेळी चुलीपुढे बसविली जात असेल, तर ती तसबीर खाली उतरवून पेटीत ठेवावी. भिंतीला तरी खोटे बोलायला लावू नये.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण बहिणीला तो कोणी सांगत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुरुष मृत्युपत्र न करता मेला तर त्याच्या हिश्श्याचे पहिले वारस मुलगा, मुलगी, विधवा आणि आई, आणि ते सारख्या वाट्याचे. यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर आपली अक्कल आणि प्रकृती खर्च केली, आणि ते बिल रखडविले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार व्हावी म्हणून महाराष्ट्राने १९९४ साली कायदा केला, पण तो आधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हता. २००५ साली साऱ्या देशाने केला आणि लग्नाची ती अट काढून टाकली. २०२० साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की २००५ साली बाप जिवंत असो वा नसो, मुलीचा हक्क जन्माचाच. आई गेली तर तिच्या डागिन्यांवर तिचा नवरा, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क. थोरल्या सुनेच्या पेटीत ते आधीच गेले म्हणून तो बुडत नाही. सातबारावर नाव नाही म्हणून हक्क मेला, असेही होत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद. मालकीचा निकाल नव्हे.

भाऊ येथे चार सबबी सांगतो. त्या चारही तपासू.

पहिली : "तिच्या लग्नात खर्च केला, हुंडा दिला." हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. आपल्या गुन्ह्याची पावती दाखवून बहिणीचा वाटा वळता करून घेणारा तू कोणत्या धर्माचा? शिवाय तो हुंडा तिच्या हाती पडला नाही. तो व्याह्याने नेला. मांडवात पाचशे पाने उठली ती तुझ्या मोठेपणासाठी. आणि तुझ्याही लग्नाला खर्च झालाच होता. तो तुझ्या वाट्यातून कोणी कापला?

दुसरी : "जमिनीचे तुकडे होतील." चार भावांनी एका रानाचे चार तुकडे केले तेव्हा कोणाला तुकडेबंदी आठवली नाही. पाचवी बहीण उभी राहिली की १९४७ चा कायदा एकदम तोंडपाठ होतो! नाव सामाईक लावता येते, रान एकत्र कसता येते, धान्याचा किंवा पैशाचा वाटा देता येतो. तुकडा मातीचा होतो म्हणून ओरडणाऱ्याने नात्याचा तुकडा आधी पाहावा.

तिसरी : "बहिणीनेच नको म्हटले." का म्हणाली, ते विचारलेस काय? तिला ठाऊक आहे की मागितले तर दिवाळीची भाऊबीज बंद, नागपंचमीचे बोलावणे बंद, पोरीच्या लग्नात मामाचा अहेर बंद. नवऱ्याने मारले तर पहाटेच्या एस्टीने येऊन उभे राहायला दार नाही. ते दार उघडे राहावे म्हणून ती जमीन सोडते. हा त्याग नव्हे. हे दाराचे भाडे आहे, आणि ते तू बहिणीकडून जन्मभराचे एकदम वसूल केलेस.

चौथी : "बहिणीचा वाटा घेतला तर तो तिचा नवरा खाईल." खाईल कदाचित. मग नाव तिचेच लाव, पैसा तिच्याच खात्यात घाल, आणि मेव्हण्याला सांग की हे अक्काचे आहे. बहिणीला चोरापासून वाचवायचे म्हणून आपणच आधी चोरायचे, हा न्याय कोणत्या गावचा?

विधवेची कथा याहून वाईट. नवरा गेला त्याच दिवशी तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र तोडायचे, आणि ते मणी-डोरले सासूच्या किंवा नणंदेच्या पदरात. म्हणजे नवऱ्याच्या पेटीची झडती विधवेच्या गळ्यापासून सुरू! तो डागिना तिचे स्त्रीधन आहे. तो काढून घेण्याचा हक्क कोणालाही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथल्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव करून ही विधवा प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात सरकारने सर्व ग्रामपंचायतींना त्या वाटेने जाण्याचे परिपत्रक काढले. शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले. त्यांच्या शंभराव्या स्मृतिदिनाच्या दोन दिवस आधी त्यांच्या मुलखातल्या गावाने हे केले. ठराव करायला पैसा लागत नाही, धैर्य लागते. तुमच्या पंचायतीने केला काय? नसेल, तर येत्या ग्रामसभेत कोण उठून विचारणार?

कोणी म्हणेल, टीका पुरे, करावे काय ते सांगा. सांगतो, आणि हे कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

मयत झाल्यावर एकवीस दिवसांच्या आत जन्म-मृत्यूच्या नोंदीत नाव घाला आणि दाखला घ्या. पेटीचे कुलूप काढायचे ते सगळे वारस समोर असताना : विधवा, आई, मुलगे, मुली. सासरी गेलेल्या मुलीला रडायला बोलावता, तसे कुलूप काढायलाही बोलवा. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला वही देऊन बसवा आणि एकेक जिन्नस मोठ्याने सांगून लिहून घ्या. यादी पुरी झाली म्हणजे सगळ्यांना वाचून दाखवा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि प्रत्येकाला एक नक्कल द्या. ही एकच सही त्या तेरा दिवसांत करावी. वाटणीची, हक्कसोडीची, कर्जाची, कोणतीही दुसरी सही निदान तीन महिने करू नये. वारसाची वर्दी तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. त्या वर्दीत सगळी नावे घाला. फेरफाराची नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस असतात. बहिणींनो, तेवढी नोटीस वाचा.

कागद एकही जाळू नका. मेलेल्याचे कपडे-कागद घरात नकोत, अवदसा येते, असे म्हणून चुलीत घातलेल्या कागदांत विमा जळतो. बँकेच्या पुस्तकात दर वर्षी ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विम्याची रक्कम असण्याचा फार संभव. त्यात घरच्यांना दोन लाख मिळतात. वीस रुपये कापलेले दिसले तर अपघाती मरणाचा दोन लाखांचा विमा. बँकेत जाऊन विचारा, लवकर विचारा. खात्याला ज्याचे नाव नेमलेले आहे त्याच्या हाती बँक पैसे देते. एवढ्याने तो त्या पैशाचा एकटा धनी होत नाही, इतर वारसांचा वाटा राहतोच.

हत्यारे त्याला द्या जो ती चालवील. सुताराचा रंधा शहरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या माळ्यावर गंजत पडण्यापेक्षा, हात बसलेल्या जावयाला किंवा शेजारच्या होतकरू पोराला द्या, मग तो कोणत्याही जातीचा असो. ज्याला हत्यार गेले त्याची किंमत यादीत लिहा, म्हणजे वाटा सारखा राहील. म्हातारीची बियाण्याची गाडगी फोडू नका, फेकू नका. कोणत्या गाडग्यात काय आहे ते तिच्या लेकीला ठाऊक असते. तिला विचारून चिठ्ठी लावा, आणि मूठमूठ बी प्रत्येक घरी जाऊ द्या. तेवढी एक वाटणी अशी आहे की वाटल्याने कमी होत नाही. चांगले कपडे, खाट, पांघरूण गावातल्या ज्याला नाही त्याला द्या. तेच खरे शय्यादान. छत्री शाळेत चालत जाणाऱ्या पोराला द्या. पावसात भिजणारा तो आहे. यमपुरीला जाणारा नाही.

आणि तेराव्याच्या जेवणाला जे पैसे घालणार, कर्ज काढून घालणार, ते विधवेच्या नावाने बँकेत ठेवा. दोन वेळ पोटभर जेवलेल्या गावाला आणखी एका वेळेने काही होत नाही. तिला होते.

बंधूंनो, मेलेल्या माणसाला आता काही लागत नाही. ऊन नाही, काटा नाही, नदी नाही. लागते ते मागे राहिलेल्यांना, आणि मागे राहिलेल्यांत सर्वांत उघडी पडते ती बाई : कुठे ती विधवा, कुठे लेक, कुठे म्हातारी आई. भटाला दारातून परत पाठविण्याचे धैर्य आपल्या आज्यांनी दाखविले, तेव्हा गाव त्यांच्या विरुद्ध होते, कोर्ट विरुद्ध होते, पोटापाण्याची भीती होती. आपल्याला दाखवायचे धैर्य त्यापुढे किती लहान! फक्त बहिणीला समोर बसवून कुलूप काढायचे.

तेवढे ज्याच्याने होत नाही त्याने स्वतःला सत्यशोधक म्हणवू नये. आणि बहिणींनो, भाऊ बोलावण्याची वाट पाहू नका. हक्काच्या घरी जायला आमंत्रण लागत नाही.